पुस्तकांवाचून सहावी

फळ्यावरची अक्षरं मला दिसत नाहीत, हे मी तीन वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. माझ्या बाकावर गिरगावातल्या एका वाडीत राहणारा मुलगा बसे. तो फळ्यावरचं हळूच पुटपुटायचा आणि मी पाटीवर उतरून घ्यायचो. बदल्यात मी त्याची भूमितीची प्रमेयं सोडवून द्यायचो. जवळून मला सगळं स्वच्छ दिसे. कागद नाकाशी धरला की केसाएवढी रेघही चुकत नसे. चार हात लांबचं मात्र धुरकट.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मुंबईतल्या प्लेगच्या आधीच्या तीन-चार वर्षांतली. आम्ही लालबागेत एका चाळीत राहत होतो. बाबा गिरणीच्या इंजिनघरात तेलवाले होते. रत्नागिरीकडून आलेल्या आमच्या माणसांत इंग्रजी शाळेत जाणारा मी पहिलाच. रोज सकाळी भायखळ्यावरून चालत गिरगावात जायचो आणि संध्याकाळी तसाच परत यायचो. ट्राम बाजूने जाई, पण तिच्यात बसायचं माझ्या मनातही येत नसे.

मी इंग्रजी सहावीत गेलो आणि घरात बोलणी सुरू झाली. पुढच्या वर्षी मॅट्रिक, मग पुण्याचं इंजिनियरिंग कॉलेज. बाबांचा बेत ठरलेला होता. इंजिनघरातला पारशी इंजिनियर आत आला की कामगारांवर हुकूम चालवणारा जॉबरसुद्धा बाजूला सरकतो, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. आमचे हेडमास्तर भूमिती शिकवीत, तेही म्हणत, "ह्या मुलाला गणिताची बुद्धी आहे. ह्याला कारकुनीत घालू नका."

दिवाळीच्या सुटीत बाबा मला गिरणीत घेऊन गेले. इंजिनियरसाहेबांनी मुलाला बघायला बोलावलं होतं. आयेने माझा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. इंजिनघरात शिरल्यावर धडधडीशिवाय दुसरं काही ऐकू येईना. ते प्रचंड चाक फिरत होतं आणि बाबा तेलाचा चंबू हातात घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी माझ्या भूमितीच्या आकृत्या पाहिल्या, खूश झाले. मग भिंतीकडे हात करून ओरडून म्हणाले, "पोरा, ते वाफेचा घड्याळ दिसते नी? काटा कुठे हाय, बोल!"

वाफेचा दाब दाखवणाऱ्या त्या तबकडीच्या जागी भिंतीवर मला एक पांढरा गोळा दिसत होता. काटा नाही, आकडे नाहीत. मला वाटलं पुढे जाऊन पाहावं, पण मग चोरी उघडी पडली असती. मी अंदाजाने म्हणालो, "साठ."

साहेबांचं हसू मावळलं. "फिरून बघ."

"सत्तर."

त्यांनी माझ्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यांत पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "तेलवाला, तुझा पोरगा आंधळा हाय काय? नव्वदच्या वर काटा हाय! हा पोरगा इंजिनवर असता तर आज आपण सगळे उडाला असता."

बाबांनी चंबू खाली ठेवला. घरी येताना ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. चाळीच्या जिन्यापाशी थांबून त्यांनी समोरच्या झाडाकडे बोट केलं. "त्यावर कावळा आहे, दिसतो?"

मी नाही म्हणालो.

"कधीपासून?"

"इंग्रजी तिसरीपासून."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. मारतील असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आयेने त्रिफळ्याच्या पाण्याने माझे डोळे धुतले, मध घातला, देवीला नवस बोलली. पंधरा दिवसांनी बाबा रजा काढून मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून, छोट्या आरशाने दिव्याचा उजेड डोळ्यांत टाकून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काय करतोस?"

"इंग्रजी सहावीत आहे."

"किती वाचतोस?"

मी अभिमानाने सांगितलं. वर्गात पहिला नंबर आहे तेही सांगितलं.

डॉक्टर बाबांकडे वळले. "लांबचं दिसायला चष्मा देतो. पण पुस्तक बंद. बारीक अक्षर बंद, चिमणीपुढचा अभ्यास बंद. डोळ्यांवर ताण पडून आतला पडदा सुटत आलाय. असाच वाचत राहिला तर विशीच्या आत दृष्टी जाईल. गेली की परत येत नाही."

बाबांच्या खात्यात बॉयलरात कोळसा टाकणारा एक आगवाला होता. वाफ तोंडावर येऊन त्याचे दोन्ही डोळे गेले होते आणि त्याची बायको त्याला हाताला धरून गिरणीच्या दरवाजाशी आणून बसवायची. बाबा रोज त्याच्यासमोरून आत जायचे. त्या दिवशी घरी येताच त्यांनी माझी सगळी पुस्तकं एका धोतरात बांधली.

मी त्यांच्या पायांना मिठी मारली. "बाबा, दीडच वर्ष राहिलंय. मॅट्रिक होऊ द्या. मग मी एक अक्षर वाचणार नाही."

"मला इंजिनियर मुलगा नको," ते म्हणाले. "डोळस मुलगा हवा."

पुस्तकांचं गाठोडं त्यांनी हेडमास्तरांकडे पोचवलं. त्यानंतर आठवडाभर मी जेवलो की नाही, आठवत नाही. चष्मा आला. तो लावल्यावर पहिल्यांदा समोरच्या चाळीतली माणसं दिसली, त्यांची तोंडं दिसली आणि मला त्या सगळ्यांचा राग आला. शाळेत फळा दिसला असता, आणि आता शाळाच नव्हती. एक दिवस जवळच्या तळ्याच्या काठी दुपारभर बसून राहिलो. पाण्यात उतरावं असं मनात आलं. एक कोळीण टोपली घेऊन जात होती. ती थांबली आणि म्हणाली, "कुणाचा रे तू? घरला जा, आये वाट बघत असंल." ती मी उठेपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गिरगावात गेलो आणि वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. भूमितीचा तास होता. हेडमास्तर बाहेर आले.

"तुझे वडील म्हणाले, तुला बंदी आहे."

"वाचायची आहे, सर. ऐकायची नाही."

त्यांनी माझा दंड धरून मला आत नेलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. त्या दिवसापासून मी हात बांधून बसायचो. पुस्तक नाही, पाटी नाही. प्रमेयं डोळे मिटून मनात काढायचो. मधल्या सुटीत माझा गिरगावकर सोबती इतिहास मोठ्याने वाचायचा आणि मी त्याला बीजगणित तोंडी सांगायचो. बाबांना मी खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पुस्तक हातात दिसलं तर बघ."

चार महिने असे गेले. परीक्षा लेखी होती. सहावी पास झाल्यावाचून मॅट्रिकच्या वर्गात घेत नसत. मी परीक्षा लिहू का असं बाबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी एका रविवारी हेडमास्तर स्वतः लालबागेत चालत आले. अख्खी चाळ दारांत उभी राहिली. आयेने घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं. बाबा बसलेच नाहीत.

हेडमास्तर म्हणाले, "चार दिवसांची परीक्षा. पुढे एक वर्ष मॅट्रिकचं. मुलगा कॉलेजात जाईल हो. असा मुलगा मला दहा वर्षांत मिळालेला नाही."

बाबांनी हात जोडले. "सर, मी अडाणी माणूस. तुम्ही सांगता ते खरं असेल. मला एका कागदावर लिहून द्या, की ह्याचे डोळे जाणार नाहीत. मी आत्ता धाडतो."

 मी हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो. चष्म्यातून मला त्यांचा ओठ थरथरताना दिसला. लिहा, सर, लिहा, असं मी मनात ओरडत होतो.

"ते मी कसं लिहू?" ते म्हणाले. त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेले.

शाळेतून माझं नाव कमी झालं. माझा सोबती मॅट्रिक झाला आणि कॉलेजात गेला. मी गिरणीच्या कापडखात्यात ठाणं, म्हणजे कापडाचे तागे, मोजायला लागलो. विशी आली, डोळे तसेच होते. पंचविसाव्या वर्षी एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत ट्रेसरची जागा मिळाली. दिवसभर मूळ नकाशावरून केसाएवढ्या रेघा गिरवायच्या. बाबा म्हातारे झाले होते. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही.

तिशीत चष्म्याचा नंबर बदलायला गेलो तेव्हा तरुण डॉक्टरने डोळे तपासले. मी त्याला सहावीची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "पडद्याला काही झालेलं नाही. पूर्वी तसं सांगत. पण वाचल्याने डोळे जातात ह्याला काही आधार नाही."

घरी आलो तर बाबा दारात बसले होते. "काय म्हणाला डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"डोळे चांगले आहेत म्हणाला."

"बघ," बाबा म्हणाले, "वेळीच थांबवलं म्हणून."

मी हो म्हणालो आणि आत जाऊन कपडे बदलले.