वनरक्षकाच्या कादंबरीतल्या चुका

निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी दहा वाजता नाशिकला आमच्या भागातल्या वाचनालयात जायला लागलो, पण ते काही वाचनाच्या आवडीने नव्हे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरात असते, आणि घरी येणारं वर्तमानपत्र साडेआठपर्यंत वाचून संपायचं. वाचनालयात सात वर्तमानपत्रं येतात. ती सगळी वाचायची म्हटली, अगदी निधनवार्तांपासून टेंडर नोटिसांपर्यंत, की एक वाजतो. मग जेवायला घरी जायचं. पुस्तकांच्या कपाटांकडे मी कधी गेलो नव्हतो.

तिथली ग्रंथपाल माझ्या मुलीच्या वयाची. एकदा ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काका, तुमच्या फॉर्मवर 'निवृत्त, वनविभाग' लिहिलंय. खरं ना?"

"हो. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून बाहेर पडलो."

"मग या महिन्यात तुम्ही यायलाच पाहिजे. आमच्या वाचक कट्ट्यावर जी रहस्यकथा घेतलीय ना, तिचा नायक वनरक्षकच आहे. तो खून शोधून काढतो."

तिने पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मुखपृष्ठावर टोपी घातलेला एक रुबाबदार माणूस आणि मागे धुकं. मी घरी नेलं.

तीन दिवसांत वाचून काढलं. खुनी कोण निघतो ते इथे सांगत नाही, कुणाला अजून वाचायचं असेल. एका अभयारण्यात पाणवठ्यावर प्रेत सापडतं. पोलीस म्हणतात, बिबट्याने मारलं. तिथला एकटा राहणारा वनरक्षक म्हणतो, नाही, माणसाने मारलं. पुढे तो एकट्याने तपास करतो. वाचताना मी हातात पेन्सिल घेऊन बसलो होतो आणि एका जुन्या डायरीत चुका उतरवत होतो. वनरक्षकाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर. मला सबंध नोकरीत एक काठी आणि एक बॅटरी मिळाली, बॅटरीचे सेल स्वतःचे. वनरक्षकाला स्वतंत्र जीप आणि ड्रायव्हर. मी आधी सायकलवर, नंतर स्वतःच्या मोटारसायकलवर. ऐन एप्रिलमध्ये, साग उघडाबोडका असताना, त्याची दाट सावली. श्रावणात पळस फुललेला. पंचनाम्यावर पंचांच्या सह्याच नाहीत. अशा सतरा चुका भरल्या. शेवटची लिहून झाली तेव्हा मला फार दिवसांनी एखादं काम पूर्ण केल्यासारखं वाटलं.

वाचक कट्टा महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता भरतो. पंधराएक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्यंतरात चहा आणि बिस्किटं. त्या दिवशी आधी एका निवृत्त बँक मॅनेजरांनी सुरुवात केली. त्यांच्या मते पुस्तक फसलं होतं, कारण खुनी कोण ते त्यांना चाळिसाव्या पानावर कळलं. कसं कळलं, ते त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एक बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "रहस्य ठीक आहे, पण त्या वनरक्षकाचा एकटेपणा मला उसना वाटला. दर चार पानांनी तो एकटा आहे, एकटा आहे. जंगलात राहणारा माणूस निसर्गाशी एकरूप झालेला असतो. त्याला एवढं एकटं कसं वाटेल?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. एकाला जंगलाची वर्णनं फार आवडली होती, दुसऱ्याला तीच लांबट वाटली होती. मग ग्रंथपालने माझी ओळख करून दिली आणि मी डायरी उघडली.

माझं आयुष्यात कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. रिव्हॉल्व्हरच्या चुकीला लोक हसले. जीपच्या चुकीला आणखी हसले. श्रावणातल्या पळसाला तर मॅनेजरांनी टाळी वाजवली. मला चेव चढला. अकरावी चूक मी थोडी वाढवून सांगितली, तेराव्या चुकीत साहेबाची नक्कलही केली. सतरा संपल्या तेव्हा लोक म्हणाले, "वा! लेखकाने आधी तुम्हाला भेटायला हवं होतं."

तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. साठी उलटलेल्या, मघापासून कापडी पिशवी मांडीवर धरून बसलेल्या. त्या सिन्नरहून एसटीने येतात आणि पूर्वी सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या, एवढं ग्रंथपालने मला नंतर सांगितलं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आतापर्यंत त्या काही बोलल्या नव्हत्या.

"साहेब, तुमच्या चुका बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण मला एक विचारायचं होतं. तो वनरक्षक रोज संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर रिकाम्या खुर्चीसमोर बसतो आणि दिवसभराचं सगळं मोठ्याने सांगतो. खुर्चीला सांगतो. हे बरोबर आहे का चूक?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्यांवर मघाचं हसू अजून होतं.

आता खरं काय ते इथे सांगतो. पेठच्या बाजूला, गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा एक तपासणी नाका होता. तिथे मी सहा वर्षं काढली. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमधलं लाकूड तपासायचं, वाहतुकीचा पास बघायचा, नोंद करायची. जोडीदार होता, पण तो जवळच्या पाड्यावरचा. संध्याकाळी घरी जायचा. मुलीच्या शाळेमुळे बायको नाशिकला. पत्र्याच्या खोलीत मी एकटाच असायचो. पावसाळ्यात रस्ता खचला की पाच-पाच दिवस गाडी यायची नाही. खोलीत खुर्ची नव्हती. भिंतीला एक खुंटी होती आणि खुंटीवर माझा दुसरा खाकी शर्ट. दिवे लागणीच्या वेळी मी स्टोव्ह पेटवायचो आणि त्या शर्टाकडे बघून बोलायला लागायचो. "साहेब, आज दोन गाड्या. एकीत सरपण. दुसरीचा पास बरोबर होता. पाड्यावरची म्हातारी आली होती, नागलीचं पीठ देऊन गेली. माझी पाठ दुखतेय." सुरुवातीला गंमत म्हणून. पुढे सवय झाली. एकदा ताप होता म्हणून शर्टावर चिडलोसुद्धा, की तुम्ही काही बोलत का नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. वेड लागलं असं तिला वाटलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिने नोकरी सोडा म्हटलं असतं.

पुस्तकातलं ते पान वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली होती. आणि पान पटकन उलटलं होतं.

सिस्टर उभ्याच होत्या. मी म्हणालो, "ती लेखकाची कल्पना. आमच्या माणसांना इतका वेळ कुठे असतो!"

लोक पुन्हा हसले. सिस्टर हसल्या नाहीत. "अस्सं," म्हणाल्या, पुस्तक पिशवीत घातलं आणि बसल्या. चहा आला तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. सिन्नरची बस चुकू नये म्हणून लवकर निघतात, असं कुणी तरी म्हणालं.

रात्री ग्रंथपालने कट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांची मतं लिहून टाकली. माझ्या नावापुढे "वनविभागातल्या अनुभवी वाचकाने दाखवलेल्या सतरा चुका, आजच्या चर्चेचं आकर्षण!" असं होतं. खाली बरेच अंगठे. सिस्टरांचा प्रश्न त्यात नव्हता. प्रश्न हे काही मत नव्हे. मी लिहायला घेतलं, "अठरावी गोष्ट राहिली. ते खुर्चीचं बरोबर आहे." वाचलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. त्या प्राध्यापक बाई वाचतील, मॅनेजर वाचतील, आणि उद्या वर्तमानपत्र वाचत बसलो की माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. मी फोन चार्जिंगला लावला.

ते मला महिनाभर सलत राहिलं. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललो असेन, वरिष्ठांशी तर नक्कीच. पण या बाईंनी इतक्या लांबून येऊन एवढंच विचारलं होतं, आणि उत्तर माझ्याकडे होतं. पुढच्या तिसऱ्या शनिवारी मी पावणेपाचलाच जाऊन बसलो. ठरवलं होतं की चहाच्या वेळी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं. त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. मी ग्रंथपालला विचारलं.

"सिस्टर? त्यांनी मेंबरशिप बंद केली, काका. सिन्नरचं घर आवरून भावाकडे गेल्या, नांदगावला. एकट्याच होत्या ना. पडल्या होत्या मध्ये घरात."

"त्यांचा नंबर मिळेल?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "त्यांना विचारून देते." दोन दिवसांनी तिने नंबर दिला. "साधा फोन आहे त्यांचा. दुपारी करा म्हणाल्या, तीनच्या पुढे."

मी साडेतीनला केला. पलीकडे टीव्ही, कुकर, लहान मुलांचं भांडण, असा कल्ला होता. त्यातून त्यांचा आवाज आला, "थांबा हं, गच्चीत जाते." जिना चढताना त्यांना लागलेला दम मला ऐकू येत होता.

"बोला साहेब."

मी नमस्कार वगैरे केला नाही. सरळ म्हणालो, "सिस्टर, तुम्ही मला त्या खुर्चीचं विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. ते बरोबर आहे. मी स्वतः केलंय. सहा वर्षं." आणि शर्टाचं सगळं सांगून टाकलं.

पलीकडे गच्चीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "सतरा गोष्टी चुकीच्या म्हणालात, तेव्हा ही म्हणाला नाहीत. म्हणून तर विचारलं मी."

"तुम्ही का विचारलंत पण?"

"मी बोलायचे ना सिन्नरला. आमचे हे गेल्यापासून. लय बोलायचे. फ्रीजशी, तुळशीशी, गॅसच्या सिलिंडरशीसुद्धा. पडले त्या दिवशी भाऊ आला तर मी जमिनीवर पडून पलंगाला सांगत होते, कुठं कुठं दुखतंय ते. नर्स आहे ना मी, पेशंटची हिस्ट्री सांगावी तसं." त्या थोड्या हसल्या. "भावाने ऐकलं ते. म्हणाला, आता तुला इथं ठेवायचं नाय. पण ते पुस्तक मी त्याच्या आधीच वाचलं होतं. म्हटलं, कुणीतरी लिहिलंय म्हणजे आपल्यासारखं कुणीतरी असेल. मग ती कॉलेजवाली म्हणाली उसनं आहे. आणि तुम्ही म्हणालात कल्पना आहे."

"चुकलं माझं."

"असू द्या. माझं पुस्तकाबद्दलचं मत मी सांगितलंच नव्हतं त्या दिवशी. सांगू?"

"सांगा ना."

"शेवट चुकलाय. खुनी सापडतो, मग त्या वनरक्षकाला बक्षीस म्हणून शहरात बदली देतात. भरल्या वस्तीतला क्वार्टर, शेजारी माणसं. लेखकाला वाटतं, सुटला बिचारा. तुम्ही ही चूक लिहिली नव्हती."

खरंच लिहिली नव्हती. मी माझ्या बाल्कनीत उभा होतो. समोरच्या बिल्डिंगला चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट, आणि त्यातल्या एकाही माणसाला मी नावाने ओळखत नाही.

"तिथे कसं आहे?" मी विचारलं.

"चांगले आहेत सगळे. भाऊ, वहिनी, सून, नातवंडं. जेवायला बसलं की नऊ ताटं. पण दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही असं नाही हं, बोलतात. आत्याबाई चहा, आत्याबाई गोळी. फक्त मला जे बोलायचं ते कुठं बोलू? खोलीत दोन पोरं झोपतात. फ्रीजपाशी सून उभी असते." मग त्या एकदम म्हणाल्या, "ठेवते आता. बोलावतायत खाली."

नंतर आम्ही दोनदा बोललो. एकदा त्यांनी उपकेंद्रातल्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं, एकदा मी वणव्याचं. दोन्ही वेळा त्या गच्चीतून बोलल्या आणि दोन्ही वेळा मध्येच खालून हाक आली. दिवाळीच्या पाडव्याला मी फोन केला तो त्यांच्या भाच्याच्या बायकोने उचलला.

"आत्याबाई झोपल्यात. कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं.

"कोण लागता तुम्ही त्यांचे?"

नातं नाही, गाव एक नाही, खातं एक नाही. आम्ही प्रत्यक्ष एकदाच भेटलो होतो, तेही पंधरा माणसांत, आणि तेव्हा मी त्यांच्याशी दोनच वाक्यं बोललो होतो.

"आम्ही एक पुस्तक वाचलं होतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "सांगते त्यांना."

तिने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचा फोन आला नाही, आणि पुन्हा तोच प्रश्न नको म्हणून मीही केला नाही.