विहिरीतली म्हातारी

उदगीरच्या अप्पांना काहीही बातमी सांगा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नात झाली, कुणाची बदली झाली, ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी हमखास विचारायचे, "आन् विहिरीचं काय झालं?" आसपास कुणाची तरी विहीर खोदणं चालू असायचंच. अप्पांचं बाजारात मोटारी, पाइप आणि विहिरीच्या सामानाचं दुकान. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग खडकाची चौकशी. "काळा लागला का मऊ? पांढरं काही चमकून राहिलं का त्यात?" समोरचा 'हाव' म्हणाला की संपलं. गल्ल्यावर बायकोला, म्हणजे काकूंना, बसवून अप्पा गिऱ्हाइकाच्याच फटफटीवर मागं बसून निघायचे.

मी तेव्हा उदगीरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला नवीनच लागले होते आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. पदवी माझ्याकडे होती, दगड त्यांच्याकडे होते. आपल्या काळ्या खडकात पूर्वी बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले, हे मी त्यांना समजावून सांगायची. ते प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखे ऐकायचे. सगळं बैजवार ऐकून म्हणायचे, "बरोबर हाय माय. पर वाढायला त्याला कुणी घाई केली न्हाई, हे बी शिकीव पोरान्ला."

माझ्या भावाच्या लग्नाला ते हदगावला आले होते. पंगतीत पहिला भात झाला आणि अप्पा गायब. काकू शांतपणे म्हणाल्या, "जवळ कुठं विहीर हाय का बघा." जानवशाच्या मागच्या रानात होती. अप्पा परतले ते गुडघ्यापर्यंत चिखलात, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली आणि उपरण्यात गुंडाळलेला एक पोपटी स्फटिक. तो त्यांनी आहेर म्हणून नवरीच्या हातात ठेवला. माझी वहिनी ते अजून सांगते. त्या दिवशी मात्र तिला वाटलं होतं, सासरची माणसं वेडी आहेत.

अप्पांच्या कपाटातली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे म्हातारी. रुईच्या बोंडातून उडणारी पांढरी म्हातारी आपण लहानपणी पकडतो, तसला झुबका, पण दगडात वाढलेला. पुस्तकात त्याला मॉर्डेनाइट म्हणतात. ओंजळीएवढी पोकळी आणि तीत केसापेक्षा बारीक तंतूंचा कापूस. असल्या तंतूंना पाणी चालत नाही, बोट चालत नाही. एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. धुवायला जाऊन असले नमुने मातीमोल करणारे हौशी लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. अप्पांनी ती विहिरीतून काढली आणि मांडीवर घेऊन घरी आणली, बैलगाडीतून, रस्त्याला प्रत्येक खड्डा आला की गाडीवानाला शिव्या देत. मग काचेच्या झाकणाची पेटी करून घेतली. काकूंचा पदर पेटीच्या आसपास दिसला तरी ते ओरडायचे. काकू पुटपुटायच्या, "माझ्या पोरान्ला येवढं जपलं न्हाई कधी."

आम्हा खडे जमवणाऱ्यांची नांदेडला अधूनमधून बैठक भरायची. पैशाचा व्यवहार नाही, दगडाला दगड. एकच दंडक होता: खोट आधी सांगायची. कोपरा उडाला असेल, डिंकानं जोडलं असेल, तर ते चिठ्ठीवर लिहायचं आणि मग दगड टेबलावर ठेवायचा. बिलोलीच्या एका डॉक्टरांनी एकदा जोडलेला स्फटिक न सांगता ठेवला. अप्पांनी भिंगातून पाहिलं, जिथल्या तिथं ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "डाक्टरसाब, पेशंटला धीर द्यायला खोटं बोला. दगडाला कशाला?" डॉक्टर हसता हसता लाल झाले. पुढं तेच अप्पांचे सगळ्यात जवळचे दोस्त झाले. म्हातारीसाठी ते कपाटभर दगड द्यायला तयार होते. अप्पा म्हणाले, "ती कालेजातल्या पोरान्ला द्यायची हाय. पोरं बघतील, त्यातलं एखादं येडं निघंल माझ्यावानी."

पुढं माझी नांदेडला बदली झाली. कॉलेजात नमुन्यांची खोली झाली, मोठं काचेचं कपाट आलं आणि म्हातारी तिथंच द्यायची असं ठरलं. तोवर साखरेनं अप्पांचे डोळे खायला सुरुवात केली होती. नांदेडला दवाखाने झाले, सुया झाल्या. आधी चिठ्ठीवरची अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, मग उजेडही गेला. म्हातारीचं नेणं मात्र ते पुढं ढकलत राहिले.

मला वाटलं होतं, माणूस खचेल. पण अप्पा बोटांनी दगड बघायला लागले. मी गेले की दुकानात समोर दगड मांडून बसलेले असायचे. हे टोकदार म्हणून गारगोटी, हे गव्हाच्या पेंढीगत मधे आवळलेलं म्हणून स्टिल्बाइट. एकेकाला चाचपून ते जुन्या ओळखीच्या माणसासारखे हसायचे. सगळं कपाट त्यांना परत मिळालं होतं. एक म्हातारी सोडून. तिला फक्त बघता येत होतं. मग मला म्हणायचे, "माय, सांग बरं कशी दिसून राहिली." मी सांगायची. दर वेळी माझे शब्द अपुरे पडायचे. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी एक दिवस त्यांचा स्वतःचाच फोन आला. "ने तिला. मी गेल्यावर घरात कोण हात लावंल, सांगता येत न्हाई."

मी गाडी घेऊन गेले. पेटी टेबलावर आणली. झाकण उघडायला सांगून अप्पा तिच्यापुढं नुसते बसून राहिले. तोंड पेटीकडं, पण जरा बाजूला चुकलेलं. ते बघून काकूंना राहवलं नाही. आयुष्यभर जिनं त्या पेटीपाशी पदर आवरून धरला, त्या बाईनं नवऱ्याचा हात धरला, त्याचं बोट सोडवलं आणि हळूच त्या कापसावर टेकवलं. "बघा," त्या म्हणाल्या. "आता तुमी बघा."

मी 'नको' म्हणेपर्यंत झालं होतं.

अप्पांनी बोट लगेच उचललं नाही. "लई मऊ हाय गं," ते काकूंना म्हणाले. "तान्ह्या लेकराच्या टाळूवानी." मग एकदम हात मागं घेतला आणि घाबरून मला विचारलं, "माय, गेली का?"

काकू माझ्याकडं बघत होत्या. त्यांची मान 'सांगू नको' म्हणत होती, डोळे भरले होते. मला खोटं बोलावंसं वाटलं. पण ज्यानं आम्हाला खोट आधी सांगायला शिकवलं त्याच्याशी खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "दबली, अप्पा. मधोमध. बोटाएवढीच."

त्यांनी ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. नंतर म्हणाले, "मग चिठ्ठीवर लिही. आधी सांगावं लागतं." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'मध्यभागी दबलेली. मालकाचं बोट लागून.' काकू भिंतीकडं तोंड करून रडत होत्या. अप्पाच त्यांना म्हणाले, "रडू नको. तू नसतं दाखवलं तर मी तसाच गेलो असतो."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना शेतात मातीत बसवून समाधी दिली. खड्डा खणताना बाजूच्या मुरुमात काही पांढरं चमकतंय का, हे मी नकळत पाहत होते. तिथं दुसरं काय पाहावं ते मला समजत नव्हतं. माझ्या शेजारी बिलोलीचे डॉक्टर उभे होते, तेही तेच बघत होते.

म्हातारी आता नांदेडला काचेच्या कपाटात आहे. पोरं येतात, चिठ्ठी वाचतात आणि काचेला नाक लावून तो खळगा बघतात. कॉलेज सुटलं, सगळे गेले की मी कधी कधी कपाट उघडते. त्या खळग्यात आपलं बोट ठेवावं असं फार वाटतं, अगदी जीव तुटतो. ठेवत नाही. ठेवलं तर तो माझ्या बोटाचा होईल.