चाड्यावरचे सर

"तुमचा बॉल माज्या घराला जेवू घालनार हाय व्हय?"

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला आता लई वर्षं झाली. आमची आणि विरुपाक्ष सरांची भिंत एकच. पलीकडं भाकरी थापली तरी इकडं कळतं, मग भांडण कुठं लपणार.

बोलणारा हरिबा, मंगळवेढ्याकडचा शेतकरी. त्याचा मुलगा बाळासो सरांच्या कॉलेजात होता, फुटबॉलच्या टीममध्ये गोलात उभा राहायचा. सरांनी त्याला ऐन पेरणीतून मॅचला आणला होता. आमच्या भागात पाऊस येतो पाहुण्यासारखा. तो गेला की रान चिखलही नाही नि कोरडंही नाही, असे मोजके दिवस मिळतात. त्याला वाफसा म्हणतात. ज्वारी तेवढ्यातच पेरायची. हरिबाची बायको अंथरुणाला खिळलेली, पेरायच्या पाभरीवर लाकडी नरसाळ्यासारखं चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडायला बाळासोशिवाय कोणी नव्हतं. पोरगा परत जाईपर्यंत वाफसा उडाला.

"रान पडीक ऱ्हायलं, सर. आन् म्याच तरी जिकलासा का?"

"न्हाय. पाच गोल बसले."

"मंग?"

पलीकडं कपबशा वाजल्या. सरांची बायको शिवबाई म्हणाली, "च्या घ्या, दादा. माज्या बाळंतपनाच्या वक्तालाबी हे मैदानावरच हुते. तुमचं तर रान हाय."

विरुपाक्ष मूळचा दुधनीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि मैदानावर शिट्टी. मी वयानं मोठी, म्हणून अरे-तुरे करायची. तो मला अक्का म्हणायचा. बसणं त्याला येतच नव्हतं. चहासुद्धा उभ्यानं, कपातला अर्धा अंगणात सांडत. शिवबाई म्हणायची, ह्यांच्या पायाला देवानं ब्रेक लावायचाच राहिला.

कॉलेज सोलापुरातलंच, पण लहान. तिथले प्रिन्सिपॉल म्हणायचे, क्रिकेट घ्या, मुलं आपणहून येतील. हा म्हणायचा, फुटबॉलच. मग प्रिन्सिपॉलनी अट घातली, ज्या साली टीम मैदानात उतरणार नाही त्या सालापासून फुटबॉल बंद. प्रिन्सिपॉल किती आले नि गेले, अट तेवढी राहिली. अकराजण नसले तरी चालतं, सातजण असले की खेळ सुरू होतो म्हणे. सहा असले तर नाही. बिचाऱ्याचा सगळा जन्म त्या सहा आणि सातच्या मधे गेला.

आणि मॅच कधी, तर बरोब्बर पेरणीच्या दिवसांत. अर्धी मुलं खेड्यातली. पाऊस उघडला की वसतिगृह ओस.

हरिबा भांडून गेला त्याच्या पुढच्या साली विरुपाक्ष मॅचच्या आदल्या दिवशी त्याच्या रानात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाळासोला जाऊ द्या. त्याच्या जागी मी मूठ धरतो."

तेव्हापासून तीच रीत पडली. ज्या घरचा हात न्यायचा त्या घरी आपला हात ठेवायचा. पहिल्या साली ह्याची मूठ काही एकसारखी सुटली नाही. ज्वारी उगवून आली तेव्हा हरिबा मुद्दाम सांगायला आला, "सर, ही ज्वारी हाय का तुमची टीम? समदी एका जाग्याला गर्दी करून हुबी, बाकी मैदान मोकळं."

पुढं हात बसला. मैदानावर एका जागी न ठरणारा माणूस चाड्यावर मात्र मूठ एकसारखी सोडायचा. हरिबाच म्हणायचा तसं.

पण मला सांगा, हा कसला कोच? मॅच सोलापुरात, जीव सोलापुरात आणि माणूस कुठल्यातरी रानात. मैदानावर त्याच्या जागी ऑफिसातला क्लार्क शिट्टी गळ्यात घालून उभा. तेव्हा फोन नव्हते. संध्याकाळी एसटीतून उतरून काळ्या मातीच्या पायांनी गल्लीत शिरायचा आणि पहिलं मला विचारायचा, "अक्का, काय झालं?" जशी काय मीच रेफ्री. क्लार्क घरी जाता जाता निकाल माझ्याकडं सांगून जायचा. बहुतेक साली हरलेलेच असायचे. तरी ऐकून त्याचा चेहरा मोकळा व्हायचा, कारण हरले म्हणजे उतरले होते.

रिटायर झाला तरी कॉलेजनं सोडला नाही, दुसरं कोणी यायलाच तयार नव्हतं. पुढं मुलं मिळेनाशी झाली तेव्हा त्यानं मुलींची टीम उभी केली. मग छातीत दुखलं, स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, दगदग नको. शिवबाई म्हणाली, हे कानडीत सांगा, मराठीत सांगितलेलं ह्यांना कळत नाही.

औंदा पाऊस लांबला. रोज आभाळ भरायचं, मॅच तोंडावर आलेली. दारापासून नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बघून बघून माझेच गुडघे दुखायला लागले.

"विरुपाक्षा, बस की जरा."

"बसलोच की, अक्का," उभ्यानंच म्हणाला.

मॅचच्या दोन दिवस आधी पाऊस उघडला, रानं वाफशाला आली आणि सातवी मुलगी दानेश्वरी घरी निघून गेली. दुधनीजवळच्या शिवलिंगप्पाची ही लेक. आई नाही, दोघंच बापलेक. सोलापुरात उरल्या सहाजणी.

मॅचच्या दिवशी पहाटे शिवबाईनं त्याच्या चपला लपवल्या. त्यानं माळ्यावरचे जुने खिळ्यांचे बूट काढून घातले. फरशीवर टकटक ऐकून मी दार उघडलं.

शिवबाई म्हणत होती, "जायचं तर जावा. पोरीला घेऊन या आणि मैदानावर सावलीत बसून मॅच बघा. इतक्या वर्षांत एकदा तरी बघा की."

"आणि तिच्या जागी कोण बसंल?"

शिवबाई आत गेली, भाकरी बांधून आणली, आणि चपला त्याच्या पुढ्यात टाकल्या. "हे बूट घालून शेतात गेलासा तर बैल हसतील."

"आता ट्रॅक्टर असतोय गं," तो म्हणाला आणि पहिली एसटी गाठायला गेला.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. दिवाळीच्या आत झोपेतच गेला. मातीला गल्ली भरून माणसं आली. कितीतरी जण मला अनोळखी, पण हात बघून शेतकरी हे कळत होतं. त्यांतच शिवलिंगप्पा होता. माती देऊन आल्यावर तो माझ्या ओट्यावर बसला आणि त्या दिवसाचं सांगायला लागला.

सर बांधावर आले तेव्हा अर्धं रान पेरायचं होतं. दानेश्वरीकडं त्यांनी नुसतं बघितलं. ती ट्रॅक्टरमागच्या पाभरीवरून उतरली, हे चढले. मुलगी त्याच एसटीनं परत फिरली.

ऊन चढलं. ट्रॅक्टर चालू होता. सरांची मूठ चाड्यावर, मान सारखी सोलापूरकडं, पाय बसल्या जागी चालतायत. तेवढ्यात खिशात फोन वाजला. शिवलिंगप्पानं ट्रॅक्टर थांबवायला घेतला.

"निल्लिसब्याडरी," सर कानडीत म्हणाले. थांबवू नका, ओळ मोडेल.

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मूठ एकसारखी सुटत राहिली. बांधापाशी ओळ संपली तेव्हा ते उतरले, हात पँटीला पुसला आणि फोन कानाला लावून बांधावर फेऱ्या मारायला लागले.

"सात उतरल्या," म्हणाले.

"गोल?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"आता सुरू झालीया."

त्यांनी फोन खिशात टाकला, कमरेला बांधलेल्या ओटीत बी भरून घेतलं आणि परत चाड्यावर जाऊन बसले.