ट्रॅक सापडेपर्यंत भात बंद

निर्माल्याची परडी कशी रोज थोडी थोडी भरत जाते आणि ते कुठंही टाकवत नाही, तसं माझ्या या किश्शांचं झालंय. रविवारी घरातून निघायचं, जे शोधायचं ते सापडायचं नाही, आणि येताना मात्र एक किस्सा पदरात घेऊन यायचं! शेजारीण विचारते, "देवदर्शनाला जाता का हो दर रविवारी?" मी म्हणते, "तसंच म्हणा."

खरं म्हणजे आम्ही रेसिंग ट्रॅक शोधतो.

हसू नका! विमानतळ, हायवे काही नव्हतं तेव्हा इकडे गोव्यात, पेडणे-डिचोलीत सड्यांवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. सडा म्हणजे आमच्याकडचं उघड्या कातळाचं पठार. जत्रा आटोपल्या की पोरं जुन्या जीपी, ठोकलेल्या फियाट घेऊन जमायची. कडेला टायर मांडायचे, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांना चुना फासायचा, झाला ट्रॅक! माझे धाकटे दीर अनिलभावजी असल्या प्रत्येक ट्रॅकवर पळाले. शेवटचे पळाले कोरगावच्या सड्यावर. एका वळणावर जीप उलटली आणि ते जागच्या जागी गेले. हे तेव्हा गल्फमध्ये होते. घरी पोचेपर्यंत बारावंसुद्धा होऊन गेलं होतं.

सासूबाईंनी त्या जागेचं नाव पुन्हा घरात काढू दिलं नाही. आणि गेल्या दिवाळीत मी तुळशीपुढे पणत्या लावत होते, तर एकदम म्हणाल्या, "माज्या अनिलाच्या जाग्यार एक दिवो लाय गो. मगे मी जावंक मोकळी."

मी तुळशीसमोरच बोलून गेले, की तो दिवा लागेपर्यंत भात खाणार नाही. गोव्याच्या बाईनं भात सोडला म्हणजे काय, हे गोव्यातच कळेल!

ह्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अगं, बोलायच्या आधी जागा कुठं आहे ते तरी विचारायचं!"

* * *

जागा माहीत असलेला एकच माणूस होता, बाबलो. अनिलभावजींचा जोडीदार, जन्मभर सुर्ल्याच्या खाणीवर टिपर ट्रक चालवलेला. त्या दिवशी तो तिथं होता. उलटलेल्या जीपच्या चाकाची रिम काढून ती वळणावर सिमेंटमध्ये बसवली, मध्ये एक चिरा उभा केला, हे सगळं त्यानं आणि मित्रांनी केलं होतं.

"जागो माका झोपेत इचारा!" बाबलो म्हणाला. "सड्यार चडलास की डावीकडे आंबो. आंब्यापासून तिसरा वळण."

आम्ही कोरगावच्या सड्यावर चढलो. आंबा नव्हता. वळण नव्हतं. सड्याच्या पोटातून नवा रस्ता काढलेला, दोन्ही बाजूंना पत्र्याची कुंपणं. बाबलो गाडीतून उतरला, चारी दिशांना फिरला, डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"चुकलास काय रे?" ह्यांनी विचारलं.

"मी नाय चुकलंय, दादा. सडो चुकलो!"

घरी आल्यावर सासूबाईंचा पायरीवरून प्रश्न, "दिवो लागलो?" त्यांना आता नीट दिसत नाही, पण गाडीचा आवाज बरोबर ओळखतात.

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी, आई."

* * *

तेव्हा ह्यांनी ठरवलं, की मिळेपर्यंत भाऊ जिथं जिथं पळाला ते सगळंच बघून घ्यायचं. "मी त्याची एकही रेस बघितली नाही. आता निदान जागा तरी बघतो."  मी डब्यात पोदेराच्या पोया, म्हणजे आमच्याकडचे कोंड्याचे पाव, आणि बटाट्याची भाजी भरली.

सुर्ल्याच्या खाणीत खाली सपाट जागा होती, तिथं मोठी शर्यत व्हायची म्हणे. बाबलो सगळ्यांच्या पुढे चालत होता. काठावर पोचला आणि थांबला. खाण बंद पडलेली, खड्डा पाण्यानं भरलेला. पाणी मात्र असं निळंहिरवं सुंदर, की दोन जोडपी पाठ करून फोटो काढत होती!

"ट्रॅक खंय?" ह्यांनी विचारलं.

बाबलोनं पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. "ती फिनिश लाइन. आता मासळी फस्ट येता!"

आम्ही सगळे हसलो. मग बाबलो तिथंच एका ढेकळावर बसला, आणि पोय पुढे केली तरी त्यानं घेतली नाही. खाण बंद झाली त्याच महिन्यात त्याचा टिपरही उभा राहिला होता, तो अजून दारात गंजतोय. हे मला ठाऊक होतं. मी त्याची पोय परत डब्यात ठेवली.

* * *

मयेला तर कहरच झाला.

तिथल्या ज्या माळावर भावजी पळाले, तिथं आता पर्यटकांसाठी छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांचा गोल केलाय. रंगीत टायर, झेंडे, गाणी. दारावर भला मोठा बोर्ड: 'या भागातला पहिलावहिला रेसिंग ट्रॅक!'

बाबलोनं बोर्ड वाचला आणि तिकिटाच्या खिडकीत डोकं घातलं. "पयलो? मगे आमी हंय गुरां राखी होतो?"

आतली मुलगी घाबरून म्हणाली, "अंकल, सिनियर सिटिझनला डिस्काउंट आहे."

मला वाटलं आता भांडण होणार. पण ह्यांनी शांतपणे तिकीट काढलं. त्या एवढ्याशा गाडीत हे बसले, गुडघे हनुवटीला टेकलेले. मागून पर्यटकांची मुलं ओरडत होती, "अंकल, फास्ट! फास्ट!" ह्यांनी एक फेरी मारली. बैलगाडीच्या वेगानं! उतरले, हेल्मेट परत दिलं.

"कसा वाटला, सर?" त्या मुलीनं विचारलं.

"भाऊ असता तर पोट धरून हसला असता," हे म्हणाले.

"मग त्यांना पण घेऊन या ना नेक्स्ट टाइम!"

* * *

एका सरकारी कार्यालयातही जाऊन आलो. निदान सड्याचा तो भाग आता कुणाच्या ताब्यात आहे ते तरी कळेल म्हणून.

टेबलापलीकडचे गृहस्थ सभ्य होते. चहा मागवला. म्हणाले, "शर्यती? परवानगी घेतली होती का?"

"तेव्हा कोण घेणार परवानगी!"

"मग आमच्या दृष्टीनं शर्यत झालेलीच नाही."

हे म्हणाले, "माझा भाऊ मेला तिथं."

गृहस्थ खरंच हळहळले. "अरेरे. पण तो अपघात म्हणून धरला असणार. शर्यत नाही."

बाहेर आल्यावर बाबलो म्हणाला, "दादा, अनिल दुसरो होतो त्या दिसा. लीड घेऊक गेलो म्हणान उलाटलो. आता कळला, तो एकटोच पळा होतो!"

* * *

पेडण्याकडे आणखी एक संकट. सड्यावर चार माणसं उभी राहून हातवारे करताना दिसली, की लोकांना वाटतं जमिनीचे दलाल आले!

एका काजूच्या बागेपाशी आम्ही असेच उभे होतो, तर एक म्हातारे गृहस्थ कोयता घेऊन धावत आले. "चला, चालते व्हा! जमीन इकूची नाय! दिल्लीवाल्यांका सांगा, मेलंय तरी इकूचंय नाय!"

मी हात जोडले. "काका, आम्ही जमीन घ्यायला आलो नाही. दिराच्या नावानं दिवा लावायचाय, ती जागा शोधतोय."

काकांनी कोयता खाली केला. आमच्याकडे, आमच्या जुन्या गाडीकडे, माझ्या हातातल्या पणतीकडे निरखून बघितलं.

"म्हणजे तुमी खरेच घेणारे न्हय?"

"नाही हो."

"मगे सकाळपासून माजो टायम कित्याक खाल्लात?" आणि तणतणत निघून गेले!

* * *

आता पाटीलभावजींचा किस्सा. पाटील आमचे शेजारी, मूळचे गडहिंग्लजकडचे. डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांनी एका रविवारी शास्त्रच काढलं. "वैनी, जिथं गाड्या उभ्या ऱ्हायल्या, तिथं ऑइल सांडलं. जिथं ऑइल सांडलं, तिथं गवात येत न्हाई. टकलं जागं हुडका!"

आणि खरंच सापडलं! सड्याच्या एका कडेला, सगळीकडे गवत, आणि मध्येच काळाभोर तुकडा. पाटलांनी माती उचलून हुंगली. "ऑइल हाय! शंभर टक्के ऑइल!"

बाबलोनंही मान हलवली. नक्की नाही, पण असेल; रिम कुणी भंगारात नेली असेल, म्हणाला. मला तर हुंदकाच आला. मी पणती लावली, नारळ फोडला. हे खाली बसले आणि जमिनीशी बोलायला लागले. "अनिल, माका येवंक जमलां नाय रे. तिकीटच मिळलां नाय." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्याजवळसुद्धा उच्चारलं नव्हतं.

तेवढ्यात एक स्कूटर आली. स्वाराच्या पायाशी मोठा कॅन. त्यानं तो उचलला, आमच्या शेजारी येऊन उपडा केला. भकाभका जळकं ऑइल!

"गॅरेजातला हां. दर आयतारा हंयच ओततंय," तो म्हणाला. मग त्याची नजर पणतीवर गेली. "माई, दिवो लायलात बरा केलात. पण वायच बाजूक घ्या, पेट घेतलो!"

पाटील परतीच्या वाटेभर हाताचं ऑइल पुसत बसले. मी घरी आल्यावर ह्यांना वरणभात वाढला आणि स्वतः पोय घेतली. सासूबाईंनी विचारलं, "दिवो लागलो?" मी म्हटलं, "लागला, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी."

त्या म्हणाल्या, "असूंदी. थंयसर पण कोणतरी मेलो असतलो."

* * *

शेवटी राहिलं ते कोरगावच्या सड्यावरचं एक पत्र्याचं कुंपण. आत व्हिला बांधतायत, गेटवर सिक्युरिटी. तीनदा आम्हांला हाकललं होतं. चौथ्यांदा मीच उतरले. भात सोडलेल्या बाईला कसली लाज!

"भाऊ, आत एक दिवा लावायचाय. पाच मिनिटं."

गेटवाला नाही म्हणायच्या आत, मागून चिरे उतरवून घेणारा मेस्त्री ओरडला, "अरे सोड त्यांना! राखणदाराचं हाईत!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आधीच सांगायचं न्हाई का, बाई? राखणदाराला दिवा लावणाऱ्याला हितं कोण अडवत न्हाई. मालकाचा हुकूम हाय."

राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा देव, आमच्याकडे प्रत्येक गावाला असतो. या सड्याचा कुठला, ते काही आम्हांला माहीत नव्हतं. पण आत तर जायला मिळालं! मेस्त्री खानापूरकडचा, बोलका. पुढे चालता चालता सांगत होता, "लई कडक देव. जेसीबी ह्याच्याजवळ आला की बंदच पडायचा. शेवटी इंजिनियर साहेबांनी नारळ दिला, रस्ता वाकवून घेतला, तवा काम सुरू झालं."

रस्ता वाकला होता तिथं एक चिरा उभा होता. शेंदूर, तेल, झेंडूच्या माळा. त्याच्याभोवती सिमेंटमध्ये बसवलेली लोखंडी रिम, आणि रिमच्या कडेनं पणत्याच पणत्या.

बाबलो खाली बसला. त्यानं रिमवर हात ठेवला, तो उचललाच नाही.  ह्यांनी चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. धाकट्या भावापुढे थोरल्याला वाकताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मी पणती लावली. मेस्त्रीनं प्रसाद म्हणून माझ्या ओंजळीत दहीभात घातला. आज त्यांच्यातल्या कुणाचा तरी नवस फिटला होता. मी तो तिथंच उभ्यानं खाल्ला.

गाडीत बसलो. ह्यांनी चावी फिरवली, तोच मेस्त्री धावत आला आणि काचेवर टकटक केलं.

"साहेब, गेटपर्यंत एकदम हळू न्या बरं का. मागं एकानं टिपर सुसाट आणला, हितंच उलटला. जोरात गाडी चालवल्याली ह्या देवाला अजिबात खपत न्हाई!"