शेततळ्यावरचा रविवार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या वहिनीचं नाव घेतो. मी तिसरीत असताना आई गेली. त्याच वर्षी थोरल्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. बारावी झाल्यावर वडील म्हणाले, "आता गोठा बघ." वहिनी चुलीपुढं होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "गोठा मी बघंन. त्येला कालिजात जाऊ द्या." आणि ती नुसतं बोलून थांबली नाही. माझ्या वाटणीचं शेण, माझ्या वाटणीच्या धारा, डेअरीला दूध घालायची फेरी, हे सगळं मला पदवी मिळेपर्यंत तिनं ओढलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज बारामतीत एका शाळेत शिकवतो तो तिच्या जिवावर. पुढं जे लिहिलं आहे ते भीतीबद्दल आहे. पण ती भीतीही तिच्याचसाठी असल्यामुळं सुरुवात तिच्यापासून केली.

आमचं शेत बारामतीहून इंदापूरकडं जाताना काटेवाडीच्या पुढं, रस्ता सोडून आत आहे. ऊस, थोडा मका, काही गाई. पुण्यामुंबईची माणसं आमच्या भागात दोन दिवस फिरायला येतात त्यांचा फेरा साधारण ठरलेला असतो. पहाटे भिगवणला होडीत बसून उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो बघायचे. मोरगावच्या गणपतीला जायचं. सुप्याजवळच्या अभयारण्यात चिंकारा दिसला तर नशीब, नाही तर माळरानाचेच फोटो काढायचे. संध्याकाळी बारामतीतली बाग. या सगळ्यात दुपार मोकळी राहते आणि पोटात भूक असते. ही दुपार वहिनीनं हेरली.

"एवढ्या लांबनं येत्यात आन हाटेलात पनीर खाऊन जात्यात," ती म्हणाली. "आपल्या चुलीवरची भाकरी खातील की."

मी बारामतीहून फलक रंगवून आणला. चुलीवरचं जेवण, थंडीत हुरडा, बैलगाडी, आंब्याला झोका. फोनवर फोटो टाकले. दर रविवारी एकदोन गाड्या यायला लागल्या. पाहुण्यांशी बोलायला मी रविवारी घरी जाऊ लागलो. मला ते काम आवडायचं. फक्त एक गोष्ट सोडून, ती म्हणजे शेततळं.

शेततळं आमच्याकडं मौजेसाठी कोणी काढत नाही. कॅनॉलचं पाणी पाळीनं येतं, ते साठवायला मोठा चौकोनी खड्डा काढायचा आणि पाणी मुरू नये म्हणून आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा. चारी बाजूंना उतार. कागदावर शेवाळ धरलं की त्या उतारावर पाय ठरत नाही. आमचं तळं पहिल्यांदा भरलं तेव्हा एक कालवड आत गेली होती. तिला पोहता येत होतं. काठाकाठानं ती फिरत राहिली, खूर टेकवायची आणि घसरून परत पाण्यात जायची. चौघांनी मिळून तिला काढली तेव्हा ती जिवंत होती, पण तिचे डोळे मी विसरलेलो नाही. विहिरीला पायऱ्या असतात, ओढ्याला कुठंतरी उथळ जागा असते. तळ्यातून पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं आणि पाहुण्यांना अजिबात माहीत नसतं.

पाहुण्यांना तळंच सगळ्यात आवडायचं. निळं पाणी, मागं ऊस, आत भावानं सोडलेले मासे. पोरं भाकरीचे तुकडे टाकायची. फोटोत तार मधे येते म्हणून भावानं एका बाजूचं कुंपण काढून टाकलं आणि तिथं बाकडं ठेवलं. त्या दिवसापासून मला रविवारी जेवण गोड लागलं नाही. मी एका खांबाला जाड दोर बांधला, त्याला गाठी मारल्या आणि दुसरं टोक पाण्यात सोडलं. ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून काठावर ठेवली. तरी माझं लक्ष सारखं पोरांकडं.

"मास्तर, ही काय शाळा हाय व्हय?" भाऊ हसायचा. "पाव्हण्यांची हजेरी घेतोयस!"

मला पोहता येत नाही. वहिनीलाही येत नाही.

माघ संपत आला होता, हुरड्याचे शेवटचे दिवस. पुण्याहून दोन गाड्या भरून एक कुटुंब आलं. त्यात एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा हसरा, धिप्पाड. नवी नवरी सगळ्यांच्या पुढं लाजणारी. जेवणं झाली. भाऊ पाण्याची पाळी बघायला कॅनॉलच्या चारीवर गेला होता. मंडळींपैकी कोणीतरी टूम काढली, मोकळ्या मक्याच्या रानात रस्सीखेच खेळायची, बायका विरुद्ध पुरुष. मी तेव्हा गोठ्यात होतो. त्यांच्यातल्या वयस्कर आत्यांना वासरं दाखवत होतो.

रानातून आरडाओरडा, हसणं ऐकू येत होतं. मग तळ्याच्या बाजूनं धप्प असा आवाज आला आणि तिकडंही कोणी हसलं. मी धावत बांधावर चढलो.

तो नवरा मुलगा कपड्यांसकट पाण्यात होता. चिखलानं भरलेले पाय धुवायला उतरला होता आणि घसरला होता. काठावर त्याचा चुलतभाऊ मोबाइल धरून शूटिंग करत होता.

"सर, पाणी एकदम मस्त आहे!" तो मला म्हणाला.

"बाहेर या. लगेच या."

"येतो ना, एक चक्कर मारतो."

त्यानं हात मारत एक चक्कर पूर्ण केली. चांगला पोहत होता. मग काठाशी आला, कागदावर पंजे टेकवून अंग वर उचललं आणि सर्रकन खाली गेला. चुलतभाऊ हसला. "अरे, मगर आहेस का तू?" त्यानं दुसऱ्यांदा केलं. गुडघा टेकवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्यानं बोटं रोवायचा प्रयत्न केला. कागदावर नखांचा आवाज झाला. तो वळला आणि माझ्याकडं बघितलं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे बदलले होते.

"सर, इथं पाय लागत नाहीये."

मी खांबाकडं बघितलं. खांबाला दोर नव्हता. ट्यूबही नव्हती. ती पोरं रानात चाकासारखी पळवत होती.

"वहिनी!" मी ओरडलो. घाबरल्यावर लहानपणापासून मी तिलाच हाक मारतो.

ती चुलीवरून तशीच पळत आली, हाताला पीठ. तिनं खांब बघितला, पाण्यातलं पोर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"दोर मीच सोडून दिला रं त्यास्नी खेळाया. पाव्हणं मागत व्हते. पळ, घिऊन ये!"

मी वळलो तेवढ्यात ती काठावर बसली. पदर सोडून त्याचं टोक तिनं खाली टाकलं. मी म्हणालो, "नको, वहिनी, थांब," पण मुलानं पदर धरला. त्यानं जोर लावला नसेल, नुसता भार टाकला असेल. ती बसल्या जागेवरून घसरली आणि पाण्यात गेली. ओरडलीसुद्धा नाही. पाणी मिटलं. मग तिचा एक हात वर आला आणि पुन्हा खाली गेला.

मी पळालो. मक्याची खुंटं पायात टोचत होती, मी एकदा पडलो. रानात त्यांचा खेळ रंगात आला होता. बायका जिंकत होत्या.

"या, या सर! आमच्या बाजूनं या!"

"ए, चीटिंग नको हं! सर पुरुषांच्यात!"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही. वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारा माझा आवाज घशातच राहिला. मी दोर मधोमध धरला आणि माझ्याकडं ओढू लागलो. त्यांना वाटलं मी खेळतोय. दोन्ही बाजूंनी आणखी जोरात ओढलं, आणखी हसले. माझ्या तळहाताची सालटं निघाली. तेवढ्यात मागून गोठ्यातल्या आत्या धापा टाकत आल्या. त्या किंचाळल्या, "सोडा तो! आपला पोरगा पाण्यात आहे!"

दोर एकदम सैल पडला.

तळ्यावर पोचलो तेव्हा दोघंही वर होती, पण कशीबशी. मुलानं वहिनीला काखेखाली धरलं होतं आणि एका हातानं पाणी मारत होता. वहिनीची मान मागं पडली होती. त्याचं स्वतःचं तोंड पाण्याखाली जाऊन परत वर येत होतं. बांधावर त्याची बायको फक्त "अहो, अहो" करत होती. त्याला हाक मारायला एवढा एकच शब्द तिच्याकडं होता.

दोर टाकला. तो पहिल्यांदा लांब पडला. दुसऱ्यांदा त्याच्या हाताशी गेला.

"आधी ताईंना घ्या," तो म्हणाला आणि तोंडात पाणी गेल्यामुळं पुढचं बोलता आलं नाही. त्यानं दोराचा वेढा तिच्या कमरेला दिला. सगळे एका बाजूला होऊन ओढायला लागले. वहिनीचं अंग त्या काळ्या कागदावरून घासत वर आलं. मी तिला कुशीवर वळवलं. नाकातोंडातून पाणी गेलं, खोकला आला. मागोमाग तो मुलगा वर आला आणि बांधावर पालथा पडला.

वहिनीनं डोळे उघडले. "त्यो पोरगा?"

"आला. बाहेर हाय." शाळेत शिकल्यापासून जी भाषा मी जपून बोलतो ती त्या क्षणी कुठं गेली कळलं नाही.

"तव्यावर भाकरी हाय," ती म्हणाली. "करपली आसंल."

कोणी हसलं, कोणी रडलं. ती उठली, लुगडं बदललं आणि पुन्हा चुलीपुढं बसली. आत्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा हो आता!"

"बसून काय करू? तुमच्या पोराला हुडहुडी भरलीया. च्या तर पिऊ द्या."

गाड्या गेल्या. भाऊ परत आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, पाणी भरायला गेले आणि पाय घसरला असं सांगावं इतक्या साधेपणानं. भावानं जाऊन दोर खांबाला परत बांधला आणि मला म्हणाला, "बांधला दोर. झालं."

माझं झालं नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू कर्रकन वाजला की मला कागदावरची ती नखं ऐकू यायची आणि माझा हात थांबायचा. पोरं विचारायची, "सर, पुढं?" पाण्याची बादली भरताना मी नळाकडं बघत उभा राहायचो. ज्या बाईनं मला वाढवलं ती पाण्याखाली गेली होती आणि मी तिच्यापासून लांब, उलट्या दिशेनं पळत होतो. पळणं बरोबर होतं, हे कळतं. तरी स्वप्नात मी पळतच असतो आणि रान संपत नाही.

मंगळवारी वहिनीचा फोन आला. आवाजात उत्साह. "आयतवारी तीन गाड्या हायेत! त्यातली एक त्या पोराच्या वळखीतली. म्हणत व्हते, तळं दाखवा."

मी म्हणालो, "वहिनी, तळ्याचं काहीतरी करायला पायजे."

"दोर हाय की बांधलेला. मी आता कुणाला द्यायची न्हाय."

"नुसत्या दोरानं..."

"तू लई भितोस बाबा. लगीन कसं हुयाचं तुझं?" फोन स्पीकरवर होता. मागून भावाचं हसणं ऐकू आलं आणि ती गाईला ओरडत फोन ठेवून निघून गेली.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी घरी गेलो. बोलायला तोंड उघडलं तर तिनं पुढ्यात ताट ठेवलं. तळ्याचं नाव काढलं की वाटीत कालवण यायचं. जेवून, न बोलता, परत आलो. मग पत्र लिहिलं. वहिनी सातवीपर्यंत शिकली आहे. एकेक शब्द लावत, ओठ हलवत वाचते. वाचताना मधे हसून विषय बदलता येत नाही. आमच्या वाडीची दूधगाडी रोज बारामतीला येते, त्या ड्रायव्हरच्या हाती ते दिलं. पत्र असं होतं:

वहिनी, पाया पडतो.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि समोर आलो की जेवायला वाढतेस, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. दादाला वाचायला देऊ नकोस, तू स्वतः वाच.

मी भितो हे खरं आहे. तू पाण्यात गेलीस तेव्हा मला फक्त तुझा हात दिसला, पीठ लागलेला. तो परत खाली गेला. मी तेवढंच बघितलं आणि पळालो. परत येईपर्यंत तू असशील की नसशील, हे मला माहीत नव्हतं. तुला हे कळावं म्हणून सांगतो. तू त्यातून उठून चहा केलास, पण मी अजून त्या बांधावरून खाली उतरलेलो नाही.

दोरानं भागत नाही. दोर कुणीतरी मागतं आणि तू देतेस. तुला नाही म्हणता येत नाही, पाहुण्याला तर नाहीच. हा तुझा स्वभाव आहे, त्याच्यावर मी शिकलो. तो बदलावा असं मी कसं म्हणू? म्हणून तार पाहिजे. चारी बाजूंनी, आणि दाराला कुलूप. किल्ली दादाकडं. तुझ्याकडं नको, कारण तू ती पण देशील.

पाहुण्यांना पाणी बघायचं असेल तर भिगवणला उजनी आहे, तिथं बघतील. आपल्याकडं त्यांनी भाकरी खावी, झोका घ्यावा, गाई बघाव्यात. तळ्याचा फोटो मी फोनवरून काढून टाकला आहे. कुणी विचारलं तर सांग, मास्तरानं बंद केलं. माझ्यावर घाल. कमी माणसं आली तर येऊ देत.

मी इथं बारामतीत पोहण्याच्या तलावावर पोहायला शिकायला लागलोय. माझ्याच शाळेतली पोरं शेजारी असतात आणि हसतात. पाण्यात तोंड घातलं की अजून छाती धडधडते. शिकेन. पण मी शिकलो म्हणून तळ्याची तार काढायची नाही.

शनिवारी शाळा सकाळची आहे. दुपारी तार आणि खांब टेम्पोत घालून आणतो, रविवारच्या गाड्या यायच्या आत लावून टाकू. दादा हसला तर हसू दे. तू फक्त नको म्हणू नकोस. मी तुला आजवर काही मागितलं नाही, कारण मागायच्या आधीच तू दिलंस. हे एक मागतो.

मी येईपर्यंत पाण्याकडं जाऊ नकोस. हात धुवायलासुद्धा नको.

तुझा,
बारक्या