परत न दिलेली शीट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चौथ्या डब्यावर नंबर बसवणं.

मी जन्मभर रेल्वेत पेंटर होतो. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, डब्यांवर ब्रशनं नंबर काढायचो. शाळा दुसरीपर्यंत. वाचताना अडखळतो, पण आकडा काढला तर कोणी नाव ठेवलं नाही. ती गाडी बंद झाली, मी रिटायर झालो आणि हात थरथरू लागला. मग सालेकशाला, गावच्या घरी बसून तीच गाडी लहान करून बनवू लागलो. सागाचे, पत्र्याचे, हातभर लांब डबे. त्यांच्यावर तांदळाएवढे आकडे ब्रशनं काढणं आता माझ्यानं होत नव्हतं. नागपूरचा एक दुकानदार आपण दिलेल्या मापाचे आकडे पातळ प्लास्टिकच्या शीटवर छापून देतो. शीट डब्यावर ठेवायची, वरून घासायचं, आकडा सुटून डब्याला चिकटतो. शीट आणायला बायको जायची, कारण तिची बहीण नागपूरलाच राहते. घासायचीही तीच, चमच्याच्या दांडीनं. मी डबा धरायचो.

त्या दिवशी तिनं चमचा माझ्या हातात दिला.

"आता तुमी घासा."

"माहा हात हालते, दिसत नाही का तुले?"

"चाळीस वर्स गाडीवर आकडे काढले, आन् आता एवढ्याशा आकड्याले भेता?"

मी जोर लावला. आठाचा अर्धा भाग शीटवरच राहिला.

"हळू घासा जी," ती हसली. "बायकोवर ओरडून नाही राहिले तुमी."

नवव्या दिवशी ती गेली.

तेरवी झाली आणि मी तिची पेटी उघडली. लुगड्यांखाली एक फाइल होती. आत दवाखान्याचे कागद, आणि त्यांच्या मधोमध सपाट ठेवलेली, एकही आकडा न सुटलेली शीट.

चौथ्या डब्याच्या शीटसाठी ती चारदा नागपूरला गेली होती. पहिल्यांदा म्हणाली, आकडे मोठे आले, परत देऊन आली. दुसऱ्यांदा म्हणे रंग चुकला. तिसऱ्यांदा दुकान बंद. चौथ्या फेरीत शीट आणली. मधे मी दुकानदाराला फोन करून शिव्या घातल्या होत्या. "माप समजत नाही तं धंदा कायले करतं?" तो म्हणाला होता, "चुकलं काका."

पेटीतली शीट म्हणजे तिनं परत दिली म्हणून सांगितलेली पहिलीच. पट्टी आणून मोजलं. आकडे मोठे नव्हते. केसाचाही फरक नव्हता.

कागद इंग्रजीत होते, ते मला येत नाही. पण तारखा म्हणजे आकडे, आणि आकडे मी ओळखतो. शीटची वाट पाहत मी तिच्या फेऱ्यांच्या कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. चारही खुणा दवाखान्याच्या तारखांशी जुळल्या.

साळीला, तिच्या नागपूरच्या बहिणीला, फोन लावला.

"भाऊजी, तिनं शपथ घातली होती."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"म्हणे, डबे सोडून देतीन ते, आन् माह्या तोंडाकडं पाहत बसतीन."

"बसलो असतो. तेच तं कराचं होतं मले!"

पोराला माहीत होतं. सुनेला माहीत होतं. त्या घरात चार महिने मीच एकटा आकड्यांच्या मापावरून भांडत होतो, आणि ती मला भांडू देत होती. दुसरं कोणतंही निमित्त काढलं असतं तर चाललं असतं. आमची शीट कायले पुढं केली?

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती जायची त्याच गाडीनं नागपूरला गेलो. दुकानदाराच्या काउंटरवर शीट ठेवली.

"माप बरोबर होतं," मी म्हणालो.

"हो काका. पहिल्यापासून."

"तुलेही माहीत होतं?"

त्यानं खाली पाहिलं. "मावशी म्हणाल्या, ते रागावतील, तर मुकाट्यानं ऐकून घे."

त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा घेतला नाही. शीटही परत दिली नाही; उचलली आणि स्टेशनवर येऊन बसलो.