मासळीच्या दरांच्या वाटेने

ऐंशीच्या दशकातल्या एका वादळात थोरल्या भावाची लाँच परतलीच नाही. आमच्या पूर्णगडचा फोनही बंद पडला होता. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी मला घेऊन ती रत्नागिरीच्या मासळीबाजारात गेली. गावोगावच्या मासळीवाल्या तिथे एकमेकींना दर सांगत, आणि एसटीने घरी परतणाऱ्या बायकांबरोबर ते दर किनाराभर पोचत. आईने भावाची बातमी त्याच वाटेने काढायचं ठरवलं. भेटेल त्या बाईला ती लाँचचं नाव सांगे आणि म्हणे, "पुढे आणखी दोघींना सांग गो. त्यांना काय कळलंय ते घेऊन ये, आणि कधी बघितलं तेही विचार."

दुसऱ्या दिवशी एकीने सांगितलं, लाँच बुडाली. दुसरी म्हणाली, जयगडच्या खाडीत उभी आहे. मी रडू लागले. आईने दोघींना विचारलं, "कधीची गोष्ट?" बुडाल्याची बातमी आधीची होती, जयगडची कालची; म्हणजे त्यानंतरही लाँच कुणाला तरी दिसली होती. तरीही भाऊ दारात येईपर्यंत तिने घास घेतला नाही.

भाऊ आला, पण त्याच्या एका खलाशाला लाटेने ओढून नेलं होतं. आई त्या खलाशाच्या बायकोला बाजारात घेऊन गेली. पार बुरोंडीपर्यंत बायकांनी विचारलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं.

पुढे कुणाचंही माणूस हरवलं की बायका असाच शोध घेत. त्या खलाशाची बायको दर वेळी मदतीला येई, आणि आधी स्वतःच्या नवऱ्याचं विचारी.